अयुग्मितांचं 'युग्मन' कसं करायचं?

खोडरबर: पुंजरसायनातल्या (क्वांटम केमिस्ट्री) एका लेखाचं भाषांतर करतेय. विषय: हाय-स्पिन अवस्थांमधलं स्पिन-ऑर्बिट कपलिंग, म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचा अंगभूत कोनीय संवेग) आणि त्याची कक्षेतली गती यांचा एकमेकांवरचा परिणाम, गणिताने कसं काढतात. 'कपलिंग'ला युग्मन लिहिलं, 'अनपेअर्ड'ला अयुग्मित. दोन्ही शब्द रुळलेलेच. मग वाक्य झालं: 'पाच अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेल्या अवस्थेचे युग्मन काढू.' मैत्रीण म्हणाली, अयुग्मित आहेत तर युग्मन कुणाचं? काय लिहू?

शुद्धमती: प्रमाण शब्द 'परिवलन-कक्षा युग्मन'. संदर्भाने कळतं. वाचकाला इतकं अडाणी समजू नये.

काठावरचा: संदर्भानेच तर घोळ झालाय! आणि 'परिवलन' म्हणजे भूगोलात पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं. इलेक्ट्रॉन तसा फिरत नाही. १९२५ साली उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी स्पिनची कल्पना मांडली तेव्हाच लोरेंट्झने दाखवलं होतं की तो खरोखर गोळ्यासारखा फिरत असेल, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशापेक्षा जास्त येतो. 'स्पिन' हा शब्दच मुळात फसवा. त्याचं चोख भाषांतर करून फसवणूक पक्की कशाला करायची?

शुद्धमती: मग 'अणू'ही टाका. अणू फुटतो की.

गिरकी: माझं मत 'फिरकी'. क्रिकेटमुळे घरोघरी पोचलेला शब्द.

काठावरचा: 'इलेक्ट्रॉनची फिरकी घेतली' असं लिहाल आणि वाचक हसत सुटेल :)

तीनतेरा: मी हीच गणितं करतो, म्हणून 'हाय-स्पिन'बद्दल बोलतो. 'उच्च परिवलन' वाचून वाटतं इलेक्ट्रॉन जोरात फिरतायत. प्रत्येकाचा स्पिन अर्धाच. एका दिशेचे जास्त, म्हणून बेरीज मोठी. शिवाय आमच्यात या शब्दाचे दोन अर्थ. एक, अवस्थेचा एकूण स्पिन मोठा. दुसरा, ट्रिपलेटच्या (एकूण स्पिन १ असलेल्या अवस्थेच्या) तीन घटकांपैकी (+१, ०, −१) टोकाचा. दोन ट्रिपलेटमधलं कपलिंग काढताना दोन्हींचे ० घटक घेतलेत तर उत्तर शून्य येतं, कपलिंग चांगलं भक्कम असलं तरी! तिथला क्लेब्श-गॉर्डन गुणांकच (स्पिनांची बेरीज करताना येणारा आकडा) शून्य आहे. म्हणून टोकाच्या घटकांवर एकदा गणित करायचं आणि विग्नर-एकार्ट प्रमेयाने बाकीचे घटक मिळवायचे. लेखातला 'हाय-स्पिन' यातला कुठला, ते आधी बघा.

खोडरबर: बाप रे. दुसरा निघाला. मी 'उच्च परिवलन'च लिहिलं होतं, म्हणजे माझं 'उच्च' दोनदा चुकलं. पण 'युग्मन'चं काय?

ओलसर: 'सांगड' घ्या. सांगड म्हणजे मुळात दोन ओंडके किंवा होड्या एकत्र बांधून केलेला तराफा. दोन्ही आपापले राहतात, पण एक हलला की दुसरा हलतो. कपलिंग हेच ना? युग्म म्हणजे जोडपं, ते 'पेअर'ला शोभतं.

तीनतेरा: सुंदर आहे. सोडियमची पिवळी रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर अशी दुभंगते, ती या सांगडीमुळेच.

शुद्धमती: सांगड 'घालतात'. म्हणजे घालणारा कुणीतरी लागतो. इथे कोण घालतंय? आणि कपलिंगच्या स्थिरांकाला 'सांगडांक' म्हणणार का? युग्मनाला निदान 'युग्मनांक' होतो.

काठावरचा: 'कपलिंग'च ठेवा. रेल्वेच्या डब्यांमधलं कपलिंग सगळ्यांना कळतं.

गिरकी: स्पिनला 'भोवरा' कुणी का सुचवत नाही? भ्रमरावरून आलाय. पाण्यातला भोवरा, डोक्यावरचा भोवरा, दोरीचा भोवरा, सगळे फिरते.

ओलसर: भ्रमर फिरतो म्हणून भोवरा, की भोवऱ्यासारखा गुणगुणतो म्हणून? माझ्या आजोबांच्या मते गुणगुणणारा भोवराच खरा.

शुद्धमती: दोन्ही नाही. थेट 'भ्रम्' धातू.

गिरकी: मग डोक्यावरचा भोवरा कुठे फिरतो?

खोडरबर: मंडळी, उद्या लेख द्यायचाय…

ओलसर: @गिरकी केसांची दिशा बघा, फिरतेच की.