घरातल्या डक्टची व्यावसायिक सफाई: नेमकं काय करतात, आपण काय तपासायचं?

(चर्चामंचावरचा धागा. प्रत्येक भागावरचं नाव लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा

दुमजली घर, सेंट्रल एसी, यंत्रणा बारा वर्षांची. सप्लायचे, म्हणजे खोलीत हवा सोडणारे, अकरा झरोके; रिटर्नचे, म्हणजे हवा परत ओढणारे, दोन. मुख्य डक्ट, म्हणजे हवा नेणारा मार्ग, पत्र्याचा आहे, तिथून खोल्यांकडे जाणारे फाटे फ्लेक्सचे, म्हणजे लवचिक पाइपचे. आतून सफाई आजवर एकदाही झालेली नाही. मध्यंतरी खालच्या मजल्यावरची फरशी बदलली, तेव्हा झरोके उघडेच राहिले होते.

आता सप्लायच्या ग्रिलभोवती छतावर काळपट पट्टे उमटलेत आणि वरच्या एका खोलीत हवा फारच मंद येते. दोन ठिकाणी चौकशी केली. एक जण पाऊण तासात काम उरकतो म्हणतो, दुसरे म्हणतात दोन माणसं आणि चार-पाच तास. एवढा फरक का? काम चालू असताना समोर उभं राहून काय बघायचं? आणि त्याआधीचा प्रश्न, सफाईची खरंच गरज आहे का?

पत्रेकाम

पाऊण तासवाल्यांना आत्ताच नाही म्हणा. झरोके तेरा आहेत. ग्रिल काढायचं, त्या फाट्यात हवेचा झोत फिरवायचा, ग्रिल धुऊन परत बसवायचं, याला एका माणसाला घाई केली तरी दहा-बारा मिनिटं लागतात. म्हणजे फाट्यांचेच अडीच तास झाले. त्यात मशीन जोडणं, मुख्य डक्ट, ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा), कॉइल (हवा थंड करणारी नळ्या-पात्यांची जाळी) आणि शेवटची आवराआवर धरा. पाऊण तासात होतं ते इतकंच, की व्हॅक्यूमची नळी हात पोचेल तिथवर झरोक्यात घालतात. पुढची धूळ जागची हलते आणि एसी लावला की खोलीत उतरते.

सगळं काम एका गोष्टीवर उभं आहे: सफाई चालू असेपर्यंत डक्टच्या आत खोलीपेक्षा कमी दाब राहिला पाहिजे. त्यासाठी मुख्य डक्टला ब्लोअरच्या जवळ वीस ते तीस सेंटिमीटर व्यासाचा होज जोडतात आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला मोठा व्हॅक्यूम असतो. सप्लाय आणि रिटर्न या दोन बाजू वेगवेगळ्या साफ करायच्या, मधे ब्लोअरपाशी आडोसा लावून. ज्या झरोक्यावर काम चालू नाही तो चिकट फिल्मने झाकायचा. सगळे उघडे ठेवले तर ओढ वाटली जाते आणि लांबच्या फाट्यात काहीच उरत नाही.

हे तपासणं सोपं आहे. मशीन चालू झालं की सर्वांत लांबच्या झरोक्यापाशी जा, त्यावरची फिल्म काढायला सांगा आणि पातळ टिश्यूचा तुकडा समोर धरा. तो आत खेचला जाऊन चिकटला पाहिजे. नुसता लोंबकळत राहिला तर काम थांबवा. होज कुठेतरी गळतोय किंवा मशीनचा जोर अपुरा आहे.

ओढ आहे याची खात्री पटली की मग धूळ सुटी करायची. कंप्रेसरच्या नळीला उलट्या दिशेने हवा फेकणारं नोझल किंवा रबरी शेपट्यांचा चाबूक लावतात. तो डक्टमध्ये सोडला की आपटत पुढे जातो आणि सुटलेली धूळ व्हॅक्यूमकडे ढकलतो. मुख्य डक्टमध्ये नळी घालायला पत्र्याला अंदाजे पंचवीस मिलिमीटरची भोकं पाडावी लागतात. त्याला हरकत घेऊ नका, भोकं न पाडता मधला भाग साफ होतच नाही. मात्र प्रत्येक भोकाला नंतर बूच बसलेलं दिसलं पाहिजे. होजसाठी कापलेल्या मोठ्या तोंडावर मूळ जाडीचा पत्रा, स्क्रू आणि कडेने मास्टिक (सांधे बुजवायचा लेप) किंवा डक्टसाठीची फॉइल टेप हवी. कापडी टेप चालणार नाही, तिचा गोंद उष्णतेने वाळतो आणि ती सुटते.

तुमच्याकडे फरशीची धूळ आहे म्हणून एक मुद्दा जास्तीचा. फरशी कापताना सिलिकाची फार बारीक धूळ उडते, ती फुप्फुसाला घातक असते. व्हॅक्यूमचा फुंकारा घराबाहेर जात असेल तर ठीक. मशीन घरात ठेवणार असतील तर त्याला हेपा फिल्टर हवाच, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. ठरवायच्या आधी हा प्रश्न स्पष्ट विचारा.

झुळूक

गरज आहे का, या प्रश्नावर. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं, म्हणजे ईपीएचं म्हणणं असं की ठरावीक वर्षांनी करायचीच अशी ही सफाई नाही, कारण दिसलं तर करावी. कारणं मुख्यतः तीन: आत डोळ्यांना दिसणारी बुरशी, उंदीर किंवा किड्यांचा वावर, आणि झरोक्यातून खोलीत येण्याइतकी साठलेली धूळ किंवा कचरा. सफाईमुळे आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, हेही ती संस्था सांगते. तेव्हा दमा बरा होईल अशी हमी देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तुमच्या बाबतीत मात्र बांधकामाची धूळ हे पुरेसं कारण आहे. रिटर्नचं ग्रिल काढून आत टॉर्च मारा. पत्र्यावर राखाडी पातळ थर सगळीकडेच असतो, त्याने काही बिघडत नाही. बोट फिरवल्यावर कणी लागली, तळाला सिमेंटची पूड किंवा टाइलचे कपचे दिसले, तर सफाई करून घ्या.

काळ्या पट्ट्यांचा दोष मात्र बहुतेक वेळा डक्टचा नसतो. झरोक्यातून जोरात सुटणारी हवा आजूबाजूची खोलीतली हवा ओढून घेते, आणि त्या हवेतली काजळी, अगरबत्तीचा किंवा मेणबत्तीचा धूर छताच्या थंड कडेवर बसतो. ग्रिलची चौकट आणि छत यांत फट असेल तर वरची धूळही तिथूनच येते. पट्टे पुसा, फट सीलंटने बुजवा. डक्ट कितीही चकाचक केला तरी खोलीत धूर होत राहिला तर पट्टे परत येणारच.

मंद हवेच्या खोलीचंही तसंच आहे. धुळीने फाटा तुंबणं फार क्वचित घडतं. आधी त्या फाट्यावरचा डँपर, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप, बघा: दांडा डक्टच्या दिशेत असला तर उघडा, आडवा असला तर बंद. मग फ्लेक्स बघा. फ्लेक्सला दोन आधारांमध्ये दर मीटरला चार सेंटिमीटरपेक्षा जास्त झोळ नको, वळणावर तो चेपलेला नको, आणि उरलेली लांबी गुंडाळून माळ्यावर कोंबलेली तर अजिबात नको. आतली तार आणि प्लास्टिक ताणलेलं असेल तरच हवा सुरळीत जाते, नाहीतर आत सुरकुत्याच सुरकुत्या होतात. हे सफाईने सुधारत नाही, पाइप ओढून, कापून नीट टांगावा लागतो.

उंबरठा

दोघांचेही आभार. डँपर पूर्ण उघडा आहे, फ्लेक्स मात्र माळ्यावर एका तुळईवर चेपलेला दिसतोय. आणखी दोन शंका. फ्लेक्समध्ये फिरता ब्रश घालणार म्हणतात, ते चालेल का? आणि शेवटी जंतुनाशकाचा फवारा मारतात, तो दरात धरलेला नाही, 'पण घ्याच' असा आग्रह आहे.

पत्रेकाम

फ्लेक्समध्ये कडक ब्रश नको. त्याची आतली भिंत म्हणजे तारेच्या स्प्रिंगवर चढवलेली पातळ फिल्म असते. ब्रश तारेत अडकला की फिल्म फाटते आणि बाहेरचं काचतंतूचं आवरण उघडं पडतं. वरून काही कळत नाही, पण थंड हवा माळ्यावर निसटते, आवरण ओलं होतं आणि महिन्याभरात छतावर डाग दिसतो. फ्लेक्ससाठी मऊ केसांचा ब्रश, तोही हळू, किंवा कमी दाबाचा हवेचा झोत. बारा वर्षांच्या पाइपचं प्लास्टिक हाताला कडक आणि ठिसूळ लागत असेल तर तो साफ करण्यापेक्षा बदलणंच शहाणपणाचं. चेपलेला फाटा तुम्ही बदलायलाच घ्या.

सफाई आधी आणि डँपर, सांधे वगैरे नंतर, असा क्रम ठेवा. डँपरचे दांडे आत्ता कुठे आहेत ते पेनाने डक्टवर खूण करून ठेवा. चाबकाच्या फटक्याने ते हलतात, आणि मग खोल्यांचा ताळमेळ का बिघडला हे कुणालाच कळत नाही.

ओलकोरड

फवाऱ्याबद्दल मला ठामपणे सांगायचंय: बुरशी दिसली नसेल तर नाही म्हणा. आणि दिसली असेल तरी फवारा हा शेवटचा भाग, पहिला नाही. बुरशी येते ओलीमुळे. ड्रेन पॅन (कॉइलखाली पाणी जमा होणारं तबक) तुंबलेला असतो, पत्र्यावरचं आवरण सुटून त्याला घाम येतो, किंवा माळ्यावरची दमट हवा रिटर्नच्या फटीतून आत शिरते. ते कारण शोधलं नाही तर मारलेल्या औषधाचा उपयोग काही आठवड्यांपुरताच.

आत काचतंतूचं अस्तर असलेल्या डक्टवर जंतुनाशक मारू देऊ नका. अशा अस्तरासाठी ईपीएने कुठलंही जंतुनाशक नोंदवलेलं नाही. अस्तर ओलं होऊन बुरशी धरलं असेल तर ते साफ होत नाही, काढून नवं बसवावं लागतं. उघड्या पत्र्यावर वापरणार असतील तर डब्यावरचा कागद आधी मागून वाचा. हवेच्या डक्टसाठी वापरायचं, असं त्यावर स्पष्ट छापलेलं असलं पाहिजे. 'आतून काळं दिसतंय म्हणजे बुरशीच' हेही मान्य करू नका, नुसत्या डोळ्यांनी ते ठरत नाही. पारदर्शक टेपवर नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासता येतो.

माझ्या मते खरा पैसा जिथे वसूल होतो तो भाग डक्टचा नाहीच, तो कॉइल आणि ब्लोअरचा. सिमेंटची पूड ओल्या कॉइलवर बसली की लिंपल्यासारखी घट्ट होते. कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पात्या बोटाच्या दाबानेही वाकतात, म्हणून ब्रश पात्यांच्या दिशेनेच फिरला पाहिजे, आडवा नाही. ब्लोअरच्या चाकाच्या वळणदार पात्यांत धूळ भरली की पात्या सपाट झाल्यासारख्या होतात आणि हवा फेकणं कमी होतं. चाक धुताना एखाद्या पातीवर छोटीशी धातूची चिमटी दिसेल. तो कचरा नव्हे, चाकाचा तोल सांभाळणारं वजन आहे. ते निघालं की चाक थरथरू लागतं आणि बेअरिंग जातं. सगळं झाल्यावर ड्रेन पॅनमध्ये लिटरभर पाणी ओतून ते न थांबता वाहून जातंय का बघा.

झुळूक

तयारीचं राहिलं. झरोक्यांखालचं सामान मीटरभर बाजूला करा, माळ्याचा रस्ता मोकळा ठेवा. धुराचा अलार्म असेल तर तेवढ्यापुरता प्लास्टिकने झाका, नाहीतर तो धुळीने वाजत राहतो, आणि काम संपल्यावर आठवणीने उघडा. पाळीव पक्षी घरात नकोच. तुमच्या घराला बारा वर्षंच झालेली असतील तर प्रश्न नाही, पण ज्यांची घरं जुनी आहेत त्यांनी डक्टच्या सांध्यांवर पांढरट, कापडासारखी पट्टी आहे का बघावं. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. तपासणी होईपर्यंत तिला हात लावायचा नाही.

फोटो आधीचे आणि नंतरचे एकाच जागेचे मागा, झरोक्याचं नाव सांगून. डक्ट सफाईवाल्यांची नाडका ही संघटना १९८९ पासून आहे. तिच्या मानकात मोजमापही दिलंय: पत्र्याच्या १०० चौरस सेंटिमीटर भागावरून उचललेली धूळ ०.७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. घरगुती कामात हे वजन सहसा कुणी करत नाही, पण डोळ्यांना थर दिसता कामा नये ही अट त्याच मानकातली आहे. ती कामाच्या कागदावर लिहून घ्या.

शेवटी नवा फिल्टर घाला. चौकटीच्या कडेने फट राहिली तर तिथून हवा न गाळताच जाते, तिथे फोमची पट्टी लावा. मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो ते सांगणारा आकडा; मर्व्ह ८ वरून थेट १३ वर जाताना ब्लोअरला तेवढा अडथळा झेपतो का ते विचारून घ्या. आणि हा पहिला फिल्टर दोन आठवड्यांनीच काढून बघा: कोपऱ्यांत राहिलेली फरशीची पूड त्याच्यावर पांढरी दिसेल.