'लष्करी आघाडी' की 'लष्करी युती'? आणि 'वळचणीला जाणे'

महाल: चीनचं बळ वाढतंय तसे इतर देश कसे वागतात, यावर इथल्या, नागपूरच्या अभ्यासवर्गासाठी टिपण लिहितोय. 'लष्करी आघाडी' लिहू की 'युती'? आणि जो देश कुणाच्याच बाजूला पुरता जात नाही, त्याला काय म्हणावं?

धरमपेठ: भाऊ, युद्धाच्या मजकुरात 'आघाडी' टाळा. 'पूर्वेकडची आघाडी कोसळली' यात रणांगणावरची फळी फुटली की मित्रदेश फुटले, ते कळत नाही. 'युती'ही तेव्हाच लिहा, जेव्हा हल्ला झाल्यास मदतीला जाण्याचं लेखी कलम असेल. अमेरिका-जपान यांचा १९६०चा करार ही युती. भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांच्या क्वाडमध्ये असं कलम नाही, म्हणून तो 'गट'. नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीच्या कलम ५ने सगळे देश आपोआप युद्धात उतरतात, असंही लिहू नका. आवश्यक वाटेल ती कृती ज्याने त्याने ठरवायची, असं ते कलम आहे.

बर्डी: दुसऱ्या प्रश्नासाठी 'दोन्ही डगरींवर हात ठेवणे' चपखल आहे. दाखला आपल्या नागपूरचाच. १७८०च्या सुमारास वाढत्या इंग्रजांविरुद्ध पेशवे, म्हैसूरचा हैदर अली, हैदराबादचा निजाम आणि नागपूरचे भोसले एक झाले. बंगालवर चालून जायचं काम मुधोजी भोसल्यांकडे. त्यांची फौज ओडिशातल्या कटकपर्यंत गेली आणि तिथेच रेंगाळली. इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्याकडून पैसेही घेतले गेले. निजामाला गुंटूर परत मिळालं, तोही थंडावला. अशा युत्या बहुधा रणांगणाआधी अशा वेगवेगळ्या सौद्यांत फुटतात.

'अंग राखणे' निराळं. १८०३मध्ये शिंदे-भोसले इंग्रजांशी लढत असताना यशवंतराव होळकर बाजूला राहिले. २९ नोव्हेंबरला अडगावला शिंदे-भोसल्यांचा पराभव, १७ डिसेंबरला देवगावचा तह, त्यात भोसल्यांचं कटक गेलं. पुढच्या वर्षी होळकरांना एकट्याने लढावं लागलं.

महाल: आणि नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांचा इंग्रजांशी झालेला १८१६चा तह? ती युती का?

बर्डी: मुळीच नाही, ते 'वळचणीला जाणे'. वळचणीखाली उभं राहणारा पावसातून वाचतो, पण घरातल्या निर्णयात त्याला विचारत नाहीत. शब्द लिहायचा तर 'तैनाती फौज'. फौज इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची, खर्च संस्थानाचा, आणि कंपनीला न विचारता तिसऱ्याशी बोलणी बंद. निजामाने तर १८०० साली या खर्चापोटी मुलूखच तोडून दिला. या तहातून सुटायच्या अप्पासाहेबांच्या धडपडीत नोव्हेंबर १८१७ची सीताबर्डीची लढाई झाली.

धरमपेठ: एक जपा. जपानमधल्या अमेरिकी तळांना 'तैनाती फौज' लिहू नका. तिथे सैन्य परकं असलं, खर्चाचा वाटा जपान उचलत असला, तरी इतरांशी करार करायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. 'तळ' किंवा 'तैनात सैन्य' पुरे.