अर्जात कॉम्प्युटर सायन्स लिहावं की दुसरं काही लिहून आत गेल्यावर बदलावं?

एडिसनकर_आई

नमस्कार मंडळी. लेक ज्युनिअर इयर (अकरावी) संपवतेय, ऑगस्टमध्ये कॉमन अ‍ॅप (अनेक कॉलेजांचा एकच ऑनलाइन अर्ज) उघडलं की अर्जांची धामधूम सुरू आणि आमच्या घरात आत्ताच दोन तट पडलेत. आम्ही न्यू जर्सीत, मुलगी पब्लिक हायस्कूलला. मार्क चांगले आहेत, अनवेटेड जीपीए ४ पैकी ३.९४, एसएटी १६०० पैकी १५४०, एपी (हायस्कूलमधली कॉलेज पातळीची परीक्षा) सीएस म्हणजे कॉम्प्युटर सायन्स ए ला गेल्या वर्षी ५ पैकी ५ आले, कॅल्क्युलस बीसी आत्ता मेमध्ये दिली. युसाकोत (प्रोग्रामिंगची स्पर्धा) सिल्व्हरपर्यंत गेली, पुढे गोल्डसाठी बसायचा तिला आता कंटाळा आलाय आणि मीही मागे लागत नाही.

तिला खरी गोडी भाषा आणि कोड यांच्या मधल्या कशात तरी आहे. रविवारच्या मराठी शाळेत छोट्यांना शिकवते, तिथे पोरं ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरांत अडकतात म्हणून तिने एक छोटंसं वेब अ‍ॅप केलं, मूल कुठे चुकतंय ते बघून ते पुढचा शब्द देतं. आता आजूबाजूच्या दोन-तीन मराठी शाळाही वापरतात.

तर एका कन्सल्टंटकडे गेलो होतो (फी विचारू नका). तो म्हणाला की सीएस लिहिलंत तर हजारो सारख्याच अर्जांच्या ढिगात जाल, लिंग्विस्टिक्स लिहा, आत शिरा आणि मग सीएसला बदलून घ्या. नवरा म्हणतो ही मागच्या दाराची भानगड नको, सगळीकडे सरळ सीएस लिहायचं, मिळालं तर मिळालं. आणि लेक म्हणते तुम्ही दोघं काय ते ठरवा आणि मला कळवा, म्हणजे चिडलीये.

सध्याची यादी: एमआयटी, कार्नेगी मेलन, कॉर्नेल, बर्कली, इलिनॉय अर्बाना, वॉशिंग्टन सिअ‍ॅटल, जॉर्जिया टेक, मेरीलँड, रटगर्स. ज्यांची मुलं नुकतीच यातून गेलीत त्यांनी प्लीज लिहा.

सनीवेलचा_बाबा

ताई, तुमच्या कन्सल्टंटचा सल्ला काही वर्षांपूर्वी थोड्याफार ठिकाणी चालून गेला असता, आज तुमच्या यादीतल्या निम्म्या ठिकाणी तो मुलीला अडकवून ठेवेल. लिंग्विस्टिक्समध्ये आत जाईल आणि चार वर्षं लिंग्विस्टिक्सच करेल. तेच हवं असेल तर उत्तमच, पण बदलून मिळेल या भरवशावर अजिबात नको.

बर्कलीचंच बघा. आमच्या इकडे वर्षानुवर्षं सगळ्यांना पाठ होतं की लेटर्स अँड सायन्समधून आत जायचं, सुरुवातीचे ठरलेले कोर्स करायचे, त्यात ३.३ जीपीए आणला की सीएस डिक्लेअर, म्हणजे मुख्य विषय म्हणून नोंदवता यायचं. २०२३ च्या फॉलपासून ते दार बंद झालं. आता सीएस नव्या कॉलेज ऑफ कॉम्प्युटिंग, डेटा सायन्स अँड सोसायटीत गेलंय आणि पहिल्या वर्षाच्या अर्जातच मागावं लागतं. नंतर आतून मागणाऱ्यांसाठी थोड्या जागा असतात पण त्यासाठी पुन्हा वेगळा अर्ज, वेगळी छाननी. ईईसीएस (इलेक्ट्रिकल आणि सीएस एकत्र) तर इंजिनीअरिंगमध्ये, तो मुळातच स्वतंत्र रस्ता. शिवाय यूसीवाले (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कली त्यातलीच) एसएटी बघतच नाहीत, तुमचे १५४० तिथे शून्य कामाचे. तिथे आठातले चार प्रश्न निवडून प्रत्येकी ३५० शब्द लिहायचे असतात आणि सगळा खेळ ग्रेड्स, कोर्सेस आणि त्या चार उत्तरांवर.

सिअ‍ॅटलला सीएस म्हणजे अ‍ॅलन स्कूल. थेट सीएसला प्रवेश मिळाला तर उत्तम, पण ते त्यांच्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात आणि बाहेरच्या राज्यातल्यांचा टक्का एक आकडी, तोही अगदी खालचा. युनिव्हर्सिटीत मिळालं आणि सीएस मात्र नाही मिळालं तर नंतर मिळेल या आशेवर येऊ नका असं ते स्वतःच सांगतात. मेरीलँडनेही सीएस लिमिटेड एनरोलमेंटमध्ये टाकलंय, आतून बदलणाऱ्यांना मोजक्याच जागा. कार्नेगी मेलनला स्कूल ऑफ कॉम्प्युटर सायन्स वेगळं, ह्युमॅनिटीजचं डिट्रिक वेगळं, एकापेक्षा जास्त कॉलेजांना अर्ज करता येतो पण एकातून दुसऱ्यात उडी मारणं फार अवघड.

याच्या अगदी उलट एमआयटी. तिथे मेजरला (मुख्य विषयाला) प्रवेश नसतोच. अर्जात कशाची आवड आहे ते विचारतात, पण पहिलं वर्ष सगळे सारखेच आणि त्यानंतर ज्याला जे हवं ते. म्हणजे तिथे लिंग्विस्टिक्स लिहून काही पदरात पडणार नाही आणि सीएस लिहून काही बिघडणार नाही. स्टॅनफर्ड, कॅलटेकही तसंच. कॉर्नेलला आर्ट्स अँड सायन्सेस किंवा इंजिनीअरिंग यातलं कॉलेज निवडावं लागतं, सीएस दोन्हीकडून करता येतं, मेजरशी अफिलिएशन (अधिकृत नोंद) नंतर, ठरलेल्या कोर्समध्ये ठरलेले ग्रेड आणून.

म्हणून "सीएस लिहावं का" हा एकच प्रश्न विचारू नका, प्रत्येक कॉलेजला "मेजरला प्रवेश देता का, आणि नंतर बदलता येतं का" हे विचारा. कन्सल्टंटला नाही, कॉलेजच्या साइटवरच्या चेंज ऑफ मेजरच्या पानाला. ही पानं दरवर्षी बदलतात, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीच्या मुलाच्या आईने सांगितलेलंही धरू नका, मी सांगितलेलंही तपासून घ्या.

मक्याच्या_शेतातून

काकू मी अर्बानाला सीएस प्लस लिंग्विस्टिक्स करतोय त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही 😄

आधी एक गैरसमज. सीएस प्लस एक्स म्हणजे सीएसचं मागचं दार नाही. ही लिबरल आर्ट्स अँड सायन्सेसमधली पूर्ण डिग्री आहे, अर्धं सीएस अर्धं दुसरं. लिंग्विस्टिक्स, अँथ्रोपॉलॉजी, अ‍ॅस्ट्रॉनॉमी, केमिस्ट्री असे बरेच जोड आहेत, इथल्याच इतर कॉलेजांत म्युझिक आणि क्रॉप सायन्सेससोबतही आहे. २२५ (डेटा स्ट्रक्चर्स) आणि ३७४ (अल्गोरिदम्स) आम्हीही ग्रेंजरच्या (इथलं इंजिनीअरिंग कॉलेज) मुलांच्या शेजारी बसूनच करतो आणि त्यांच्याइतकेच रडतो. पण इथे येऊन ग्रेंजरच्या सीएसमध्ये बदलून घेईन म्हणाल तर ते विसरा. माझ्या बॅचला काही जण तोच प्लॅन करून आले होते आणि त्यांना मॉर्फोलॉजी, सिंटॅक्सचा इतका वैताग आला की बघवत नव्हतं. मला आवडतं म्हणून मी मजेत आहे. इंटर्नशिपला कंपन्या फारसा फरक करत नाहीत, निदान मला तरी जाणवला नाही.

तुमच्या लेकीचं अ‍ॅप ऐकून मला तर वाटतं तिच्यासाठी हा जोड खराच आहे, बनाव नाही. इथला अर्ज तसा छोटा असतो, मी भरला तेव्हा पहिल्या पसंतीच्या मेजरशी संबंधित मागच्या तीन-चार वर्षांतला एखादा अनुभव फक्त १५० शब्दांत मागितला होता. तिथे मराठी शाळेतलं ते अ‍ॅप सांगायचं, पण प्लीज "आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट" ने सुरू करू देऊ नका. कुठलं पोर कुठल्या शब्दाला अडकलं, तिने लॉजिक आधी काय लावलं होतं, ते का चाललं नाही, मग काय बदललं, एवढंच. १५० शब्द लगेच संपतात.

अजून एक, कन्सल्टंट म्हणतो तसं नुसतं नावाला लिंग्विस्टिक्स लिहिलं आणि अर्जात सगळं युसाको नि हॅकॅथॉन असेल तर वाचणाऱ्याला कळतंच हो. ते लोक वर्षाला शेकडो अर्ज वाचतात.

टर्नपाइक_मामा

सगळे एमआयटी-बर्कली करताय, कोणीतरी पैशाचंही बोला. बर्कलीला बाहेरच्या राज्यातून गेलात तर राहण्याखाण्यासकट वर्षाचे ८० हजार डॉलरच्या वर जातात आणि बाहेरच्यांना आर्थिक मदत जवळपास नाही. रटगर्सला न्यू जर्सीचे रहिवासी म्हणून तेच सगळं धरून साधारण ३५ ते ४० हजारांत बसतं. चार वर्षांचा फरक मांडा कागदावर. तेवढ्यात पुण्यात टू बीएचके येतो (हलके घ्या).

रटगर्सचं नाव यादीत शेवटी आलं की आपल्या लोकांचा चेहरा पडतो, मला हे कधी कळलंच नाही. तिथे सीएस आर्ट्स अँड सायन्सेसमध्ये आहे, आत जाऊन सुरुवातीचे प्रोग्रामिंग आणि कॅल्क्युलसचे कोर्स ठरलेल्या ग्रेडने पास झालात की मेजर डिक्लेअर करता येतं, बर्कलीसारखा कडेकोट बंदोबस्त नाही. लिंग्विस्टिक्सचं डिपार्टमेंट तर नावाजलेलं आहे, दोन्ही मेजर एकत्र करणारी मुलं असतात. माझी भाची तिथूनच निघाली, आता सिअ‍ॅटलला नोकरी करते, जिथे तुमच्या बाहेरच्या राज्यातल्या लेकीला अंडरग्रॅडला घेणार नाहीत 😉

आणि खासगी कॉलेज महागच असा समज असेल तर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता खरा खर्च किती ते सांगणारा कॉलेजच्या साइटवरचा फॉर्म) भरून बघा. एमआयटीने २०२५ च्या फॉलपासून २ लाख डॉलरखाली उत्पन्न असलेल्या घरांना (मालमत्ता नेहमीसारखी असेल तर) ट्यूशन माफ केलीये. दोघंही आयटीत असाल तर या सवलतीत बसणार नाही हे वेगळं सांगायला नको.

कोथरूड_ते_केंब्रिज

मध्येच घुसतेय, माफ करा. मुलगा पुण्यात अकरावीला, जेईईचा क्लास लावलाय पण त्याचं लक्ष अमेरिकेकडे. वरचं सगळं इंटरनॅशनल मुलांनाही लागू होतं का? आम्हाला स्कॉलरशिपशिवाय जमणार नाही.

सनीवेलचा_बाबा

मेजरचे नियम तेच. पैशाचं गणित मात्र पूर्ण वेगळं, तुमच्यासाठी तेच आधी बघा. बहुतेक कॉलेजं परदेशी विद्यार्थी मदत मागतोय हे प्रवेश देतानाच लक्षात घेतात. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही अशी आहेत की ती परदेशी मुलांच्या बाबतीतही निर्णय घेताना ते बघत नाहीत आणि घेतलं की लागेल तेवढी मदत देतात, पण तिथे घुसणं किती अवघड ते तुम्हाला माहीत आहेच. वर आलेल्या पब्लिक युनिव्हर्सिट्यांत परदेशी मुलाला गरजेवर आधारित मदतीची आशा धरू नका.

जेईई सोडू नका हो. मुंबई आयआयटीचं सीएस ओपनमधून पहिल्या साठ-सत्तर रँकांतच संपतं हे खरं, पण देशात आणखी चांगल्या जागा आहेत. आणि मुलाला प्रोग्रामिंग स्पर्धांची खरंच आवड असेल तर इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडकडे वळू द्या, ते दोन्हीकडे उपयोगी पडतं.

खडूस_आजोबा_२

जरा वेगळं बोलतो. २०२२ नंतर इथे टेकमध्ये ले-ऑफ चाललेत, नव्या पदवीधरांना कॉल येत नाहीत, कोड एआय लिहायला लागलंय आणि आपण अजून सीएस सीएस करतोय. दहा वर्षांपूर्वी आपल्याकडच्या प्रत्येक दुसऱ्या पोराला मेडिकलला ढकलायचे, आता याला. मुलीला भाषा आवडते ना, मग भाषाच करू दे की, सीएसचा मायनर (दुय्यम विषय) घेईल.

मक्याच्या_शेतातून

आजोबा, कॉल येत नाहीत हे निम्मं खरं आहे, इथेही सीनिअर्स भरपूर अर्ज करताना दिसतात. पण भाषा आवडणाऱ्या मुलीला आज सीएस टाळायला सांगणं उलटंच होईल, लँग्वेज मॉडेल्स हेच तर काम आहे. कार्नेगी मेलनला लँग्वेज टेक्नॉलॉजीज इन्स्टिट्यूट कॉम्प्युटर सायन्सच्या स्कूलमध्येच आहे, उगाच नाही.

काकू, तिला नॅक्लो माहित्ये का? नॉर्थ अमेरिकन कॉम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्स ओपन, हायस्कूलच्या मुलांसाठी, फुकट. अनोळखी भाषेतली वाक्यं देतात आणि त्यातून व्याकरण शोधून काढायचं. आधी काही माहीत असावं लागत नाही.

एडिसनकर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीला हा सगळा धागा वाचायला दिला, तिने कधी नव्हे ते शेवटपर्यंत वाचला आणि मग तिघं बसून प्रत्येक कॉलेजची पानं उघडली. सिअ‍ॅटल तिने स्वतःच कापलं. बर्कलीवर बाबा अडून बसलेत, फीचा कागद समोर ठेवलाय, बघू. अर्बानाला पहिली पसंती सीएस प्लस लिंग्विस्टिक्स, हे तिचं ठरलं आणि आम्ही दोघंही गप्प बसलो. रटगर्स यादीत वर सरकलं, मामा खूश व्हा. कन्सल्टंटला नाही सांगितलं.

आता दोन शंका. एक म्हणजे शिफारसपत्रं कोणाकडून घ्यायची, दोन्ही सायन्स-मॅथ्सच्या टीचर्सकडून घेतली तर चालेल का? आणि दुसरं, नॅक्लो ती देणार म्हणते पण ती जानेवारीत असते, तोपर्यंत अर्ज गेलेले असतील, मग उपयोग काय?

सनीवेलचा_बाबा

शिफारशी: एमआयटी एक मॅथ्स किंवा सायन्सच्या टीचरची आणि एक ह्युमॅनिटीज, सोशल सायन्स किंवा लँग्वेजच्या टीचरची मागते, त्यामुळे तीच जोडी धरा म्हणजे बाकी ठिकाणी बहुतेक भागतं. ज्युनिअर इयरला ज्यांनी शिकवलंय त्यांनाच विचारा, आणि सुट्टी लागायच्या आत. चांगल्या टीचर्सकडे फॉलपर्यंत रांग लागते आणि काही जण संख्या ठरवून ठेवतात. इंग्लिशच्या टीचरला मराठी शाळेतलं ते अ‍ॅप माहीत आहे का? नसेल तर लेकीला एक पानभर लिहून द्यायला सांगा.

आणि ताई, एमआयटीच्या अर्जात अ‍ॅक्टिव्हिटीज फक्त चार मावतात, कॉमन अ‍ॅपवर दहा, प्रत्येकी १५० अक्षरं. आधी चारांची यादी करा, मग दहांची. उलट केलंत तर काय कापायचं यावरून परत घरात तट पडतील.

मक्याच्या_शेतातून

नॅक्लो: अर्जासाठी नाही तर मजेसाठी देऊ द्या हो. तरी उपयोग हवाच असेल तर पुढच्या फेरीला बोलावणं आलं की ते कळवता येतं, एमआयटी फेब्रुवारीत अपडेटचा फॉर्म घेते, बाकी ठिकाणी बहुतेकदा पोर्टलवरून किंवा काउन्सेलरकडून जातं. जुने पेपर त्यांच्या साइटवर उत्तरांसकट आहेत. तिला सांगा आधी उत्तर बघू नकोस, एका प्रॉब्लेमला एक संध्याकाळ गेली तरी चालेल.