उलुरूची चढाई बंद: बरोबर की चूक?

माळरान:
जूनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जहून गाडीने उलुरूला गेलो. तांबड्या सपाटीत ३४८ मीटर उंच एकच खडक. तिथले मूळ रहिवासी अनांगू तो पवित्र मानतात, म्हणून २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद आहे. चढताना धरायची साखळी काढलीय, पण बुटांनी घासून पांढुरका झालेला पट्टा अजून दिसतो. तो बघून वाटलं, बंदी फार आधी यायला हवी होती.

भटक्या:
मला नाही पटत. निसर्गावर एका समाजाची मालकी कशी? मी २०११ साली चढलोय. वरून काटा जुटा या खडकांचे घुमट दिसतात, अंगावर शहारा येतो. कचरा टाकला नाही, दगड उचलला नाही. माझ्या मुलीला हे कधीच दिसणार नाही.

माळरान:
मालकी कागदोपत्री आहे. १९८५ साली जमीन अनांगूंना परत मिळाली आणि त्यांनीच ती ९९ वर्षांच्या भाडेकरारावर राष्ट्रीय उद्यानासाठी दिली. तुम्ही चढलात ती त्यांच्या माला नावाच्या पूर्वजांची वाट. आपण गाभाऱ्यात पायताण घालून जातो का? शिवाय वर शौचालय नव्हतं. पाऊस पडला की घाण खाली पाणवठ्यांत यायची. चढताना ३७ जण दगावले, त्याचं दुःख अनांगू आपलं मानतात.

पाणथळ:
मी डार्विनला राहते. बंदी योग्यच, पण तेवढ्याने वारसा जपला असं समजू नका. उत्तरेला काकाडू राष्ट्रीय उद्यानात उबीरच्या कातळावर बारामुंडी मासा रंगवलाय, आतल्या काट्यांसकट! तिथले बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मोजतात. आणि त्याच काकाडूने चहूबाजूंनी वेढलेल्या रेंजर खाणीतून २०२१ पर्यंत युरेनियम निघत होतं, त्या जमिनीच्या मूळ मालक मिरार लोकांचा विरोध डावलून. पर्यटकाला अडवणं सोपं, खाणवाल्याला अडवायला पिढ्या जातात.

भटक्या:
खाणीचं म्हणणं मान्य. पण बंदी आणि विनंती यात फरक आहे. माणसाला विनंती करा, तो ऐकतो.

माळरान:
विनंतीची पाटी २०११ साली पायथ्याशीच होती: कृपया चढू नका.

भटक्या:
होती. वाचलीही होती. पुढे रांग चढताना दिसत होती, म्हणून मीही साखळी धरली. बंदी मला अजूनही रुचत नाही. पण मुलीला नेईन तेव्हा पायथ्याची प्रदक्षिणाच करू.



पाणथळ:
साधारण साडेदहा किलोमीटर आहे. पहाटे सुरू करा, पाणी भरपूर घ्या. काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या मुलीलाच वाचायला सांगा.