‘आधी’ हा शब्दच अडचणीचा

वर एकांनी विचारलंय, ज्यूंचा देव अनादि असेल तर जग घडवण्याआधीचा अनंत काळ तो काय करत बसला होता? मायमोनिडीसच्या (१२व्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ) मते प्रश्नच चुकलाय. काळ हा गतीचा गुण, आणि गती हलणाऱ्या वस्तूंची. वस्तूच नव्हत्या तर काळ कुठला? ‘जगाआधी देव होता’ म्हणताना आपण मनात एक खोटंच घड्याळ टांगतो, एवढंच.

मला मात्र त्याच्यानंतरचा ज्यू तत्त्वज्ञ हस्दाई क्रेस्कास जास्त भावतो. १३९१च्या बार्सिलोनाच्या ज्यूविरोधी दंगलीत त्याचा एकुलता मुलगा मारला गेला. त्यानंतरही हा माणूस अनंतावर इतकं थंड डोक्यानं लिहितो! तेव्हाचा एक युक्तिवाद असा: एका टोकानं अनंत असलेल्या दोन रेषा घ्या, एक दुसरीपेक्षा हातभर पुढून सुरू होणारी. मग एक लहान, एक मोठी; पण अनंतात लहानमोठं कसं असेल? म्हणून अनंत अशक्य. क्रेस्कास म्हणतो, ज्याचं मापच होत नाही त्याला लहानमोठं म्हणताच येत नाही. खेळ खलास. शिवाय काळ गतीला बांधलेला नाही, स्थिर वस्तूचाही कालावधी असतोच, हेही त्यानं ठासून सांगितलं. म्हणजे मायमोनिडीसच्या उत्तराचा पायाच काढून घेतला की!

पुढे १७व्या शतकातल्या स्पिनोझा या तत्त्वज्ञानं अनंतावरच्या १६६३च्या पत्रात या ‘रब्बी हस्दाई’चं नाव घेतलंय. तिथे मुद्दा मात्र वेगळा, कारणांच्या साखळीचा. त्यावर वेगळा प्रतिसाद लिहितो.