घडीची सायकल : रोजची ये-जा आणि दूरचा प्रवास यांसाठी एकच पुरेल का?

रोजचीवाट

नमस्कार. गेले चार महिने मी घडीच्या सायकलींविषयी वाचतो आहे आणि वाचन वाढते तसा गोंधळही वाढतो आहे, म्हणून जरा सविस्तर विचारतो. घरापासून स्थानक साडेचार किलोमीटर आहे, पुढे पाऊण तास रेल्वेने जावे लागते आणि उतरल्यावर कार्यालय आणखी तीन किलोमीटरवर आहे. स्थानकात दोन जिने चढावे लागतात आणि डब्यात गर्दी असते. कार्यालयात सायकल टेबलाखाली ठेवायला परवानगी आहे, मात्र ती टेबलाखाली मावली पाहिजे. याखेरीज वर्षातून एकदा विमानाने दूर जाऊन आठ-दहा दिवस सायकलीवर भटकावे, दिवसाला ४०-५० किलोमीटर अंतर कापावे, अशी फार दिवसांची इच्छा आहे. उंची १८० सेंटिमीटर, वजन ७८ किलो. घरात जागा एकाच सायकलीपुरती आहे.

१६ इंची चाक घ्यावे की २० इंची? गिअर किती असावेत? आणि मध्येच दुमडणाऱ्या फ्रेमवर उतारावर विश्वास ठेवता येतो का? ही शेवटची शंका मला सर्वांत जास्त छळते.

चाकोरी

नऊ वर्षांत माझ्याकडे घडीच्या दोन सायकली झाल्या. पहिली २० इंची होती, आताची १६ इंची आहे. त्या अनुभवावरून सांगतो की विचाराची सुरुवात चाकापासून करू नका, घडीपासून करा. तुमच्या वेळापत्रकात सकाळी स्थानकावर आणि कार्यालयात, तसेच संध्याकाळी स्थानकावर आणि घरी, अशा चार घड्या येतात आणि तितक्याच वेळा सायकल उलगडावी लागते. महिन्याचे २२ दिवस कामाचे धरले तर ही संख्या १७६ होते. जे काम महिन्यातून १७६ वेळा करायचे, त्यात अर्ध्या मिनिटाचा फरकही जाणवतो आणि पँटला लागणारा चेनचा काळा डाग तर पहिल्याच आठवड्यात जाणवतो.

घडीचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिल्यात फ्रेम मधोमध बिजागरीवर वळते आणि दोन्ही चाके शेजारी-शेजारी येतात. डेव्हिड हॉन या भौतिकशास्त्रज्ञाने १९८२ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या डाहॉन कंपनीने हा प्रकार जगभर पोहोचवला आणि आज बाजारातल्या बहुतेक २० इंची सायकली याच पद्धतीच्या असतात. दुसऱ्या प्रकारात मागचे चाक आधी फ्रेमखाली जाते आणि मग पुढचा भाग बाजूला वळतो. लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी १९७५च्या सुमारास या रचनेवर काम सुरू केले आणि त्यातून ब्रॉम्प्टन ही १६ इंची सायकल आली. तिची घडी ६४.५ × ५८.५ × २७ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १०२ लिटर जागा व्यापणारी असते. मधोमध दुमडणारी २० इंची सायकल ढोबळमानाने ८० × ६५ × ४० सेंटिमीटर धरली, तर हाच आकडा २०० लिटरच्या वर जातो. गर्दीच्या डब्यात हा दुप्पट आकार तुमच्याइतकाच शेजाऱ्यालाही जाणवतो.

दुसऱ्या पद्धतीत चेन दोन चाकांच्या मध्ये लपते, हा तिचा मोठा गुण आहे. पहिल्या पद्धतीत चेन आत राहते की बाहेर, हे मॉडेलवर अवलंबून असते. म्हणून दुकानात सायकल चालवून पाहण्याआधी ती दहा वेळा स्वतः घडी घालून पाहा, मग एका हातात धरून दोन जिने चढा आणि घडी घातलेल्या अवस्थेत ती सपाटीवर ढकलता येते का हेही तपासा. वजनाचा आकडा तुम्ही वाचलाच असेल, बहुतेकांचे वजन १० ते १३ किलोंच्या दरम्यान असते. परंतु हाताला पकड कुठे मिळते आणि चालताना पेडल पोटरीला लागते का, याने जो फरक पडतो तो अर्ध्या किलोने पडत नाही.

आता चाकाविषयी. लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते, हे साधे भूमितीचे गणित आहे. २० सेंटिमीटर रुंदीच्या खड्ड्यावरून जाताना मोठ्या सायकलीचे चाक सुमारे १५ मिलिमीटर खाली जाते, २० इंची चाक सुमारे २१ आणि १६ इंची सुमारे २५. म्हणजे १६ आणि २० यांच्यातला फरक लोक समजतात तितका मोठा नसतो. मोठी उडी त्या दोघांच्या आणि नेहमीच्या सायकलीच्या मध्ये आहे. रस्ते खराब असतील तर चाकापेक्षा टायरची रुंदी आणि त्यातली हवा यांकडे अधिक लक्ष द्या.

टायर घेताना नुसते इंच पाहू नका. १६ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या रिमचा व्यास ३०५ मिलिमीटरही असतो आणि ३४९ही असतो. २० इंचीत ४०६ आणि ४५१ असे दोन प्रकार आढळतात. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. यांपैकी ४०६ सर्वांत सहज मिळतो, कारण बीएमएक्स, म्हणजे कसरती आणि शर्यतींच्या लहान सायकलींना तोच लागतो. दूरच्या प्रवासात टायर फाटला तर ही गोष्ट फार मोलाची ठरते, आणि तेवढ्यापुरता २० इंचीचा पक्ष भक्कम आहे हे मी मान्य करतो.

अवजारपेटी

बिजागरीच्या शंकेला उत्तर देतो, कारण घडीच्या सायकलींची दुरुस्ती हे माझे कामच आहे. नीट बनवलेली आणि नीट बंद केलेली बिजागरी उतारावर अचानक उघडत नाही. सायकलींच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात घडीच्या यंत्रणेचाही विचार केलेला आहे. खरेदीपूर्वी त्याचा उल्लेख माहितीपत्रकात आहे का हे अवश्य पाहा. मात्र ‘नीट बंद केलेली’ या तीन शब्दांची जबाबदारी मालकावर असते.

फ्रेमच्या बिजागरीची सगळ्यांना भीती वाटते, पण मी जास्त लक्ष हँडलच्या लांब दांड्याच्या तळाशी असलेल्या बिजागरीवर ठेवतो. चढावर उभे राहून पेडल मारताना आपण हँडल डावी-उजवीकडे ओढतो, आणि दांडा लांब असल्यामुळे त्या ओढीचा जोर तरफेप्रमाणे वाढून सगळा त्या लहानशा सांध्यावर येतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या सायकलीचा तो सांधा बंद करणारा खटका दीड वर्षात सैल झाला होता. हँडल किंचित डुलते आहे हे मला रोज जाणवत होते आणि रोज मी ते उद्यावर ढकलत होतो. अखेर एका सकाळी ब्रेक दाबताच हँडल बोटभर पुढे झुकले. मी पडलो नाही, पण त्यानंतर तपासणी कधी चुकवली नाही.

ती तपासणी अशी करावी. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागे-पुढे हलवावी आणि दुसऱ्या हाताचे बोट सांध्याच्या फटीवर ठेवावे. दोन भाग एकमेकांवर सरकत असतील तर बोटाला लगेच कळते. खटका बंद करताना शेवटच्या टप्प्यात हाताला ठाम जोर लागलाच पाहिजे. तो अलगद मिटत असेल तर ताण वाढवण्याचा स्क्रू पाव फेरा फिरवावा आणि पुन्हा पाहावे. महिन्यातून एकदा बिजागरीलगतचे वेल्डिंग पुसून उजेडात न्याहाळावे. रंगावर केसासारखी रेघ दिसली आणि ती पुसली गेली नाही, तर ती सायकल त्या क्षणापासून चालवू नये. ॲल्युमिनियममधली भेग वाढायला लागली की फार वेळ देत नाही. कंपनीने सांगितलेली वजनाची कमाल मर्यादाही पाहा आणि तिच्यात सामानाचे वजन धरले आहे का, ते विचारा.

रोजचीवाट

दोघांचेही मनापासून आभार. १७६ हा आकडा मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. आता मन १६ इंचीकडे झुकते आहे, पण फिरायला जाईन तिथे ७-८ टक्क्यांचे चढ असणार आणि सोबत दहा किलो सामान असेल. लहान चाकाने चढ चढणे अवघड होते का?

चढउतार

चाक लहान आहे म्हणून चढ अवघड होत नाही. गिअर चुकीचे असले की तो अवघड होतो, आणि या बाबतीत खरेदीच्या वेळी कोणी हिशेब करत नाही याचे मला फार वाईट वाटते. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते, एवढी एकच गोष्ट मोजायची असते. ४० मिलिमीटर रुंद टायर लावलेल्या ४०६च्या चाकाचा परिघ सुमारे १.५३ मीटर भरतो. पुढे ५२ दात्यांचे चेनव्हील (पेडलजवळचे दातेरी चाक) आणि मागे सर्वांत मोठी चक्री २८ दात्यांची असेल, तर ५२ भागिले २८ गुणिले १.५३, म्हणजे एका फेऱ्यात २.८४ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी १० किलोमीटर वेग ठेवावाच लागतो. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरले, तर ८ टक्क्यांच्या चढावर त्या वेगाला केवळ उंची चढण्यासाठी सुमारे २२० वॅट लागतात. तासभर एवढा जोर लावणे बहुतेकांच्या पायांना झेपत नाही. हेच अंतर २ मीटरवर आणले तर त्याच ६० फेऱ्यांना सुमारे १५५ वॅट पुरतात आणि माणूस बोलत-बोलत चढतो.

उपाय महागडा नाही. ५२ऐवजी ४६ दात्यांचे चेनव्हील आणि मागे ११ ते ३२ दात्यांच्या चक्र्या घेतल्या, तर सर्वांत हलका गिअर २.२ मीटरचा होतो. सर्वांत जड गिअर ६.४ मीटरचा राहतो आणि मिनिटाला ९० फेरे मारल्यास त्यावर ताशी ३४ किलोमीटर वेग मिळतो. घडीच्या सायकलीवर याहून अधिक वेग मला तरी कधी लागलेला नाही.

१६ इंचीत पर्याय कमी असतात. हबच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आतले तीन गिअर सपाटीवर उत्तम असतात, पण सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड गिअरमध्ये पावणेदोन पटींचेच अंतर असते. सामानासह चढ चढायला ते पुरत नाही. ब्रॉम्प्टनच्या सहा गिअरांच्या मॉडेलमध्ये हे अंतर सुमारे तिप्पट असते आणि चेनव्हील ५०वरून ४४ दात्यांचे केले की सर्वांत हलका गिअर सुमारे २.६ मीटरवरून २.३ मीटरवर येतो. हबच्या गिअरांचा आणखी एक गुण असा की ते बंद डब्यात असतात. लहान चाकाच्या सायकलीत डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) जमिनीच्या अगदी जवळ लोंबतो आणि पावसाळ्यात चिखल त्यावरच उडतो. त्याउलट, हब असलेल्या मागच्या चाकाचे पंक्चर काढायला नट सोडवून गिअरची तार वेगळी करावी लागते, तेव्हा १५ मिलिमीटरचा पाना सोबत ठेवा आणि घरी दोनदा सराव करून मगच निघा.

तरीही माझे मत २० इंचीच्या बाजूनेच आहे. ५० किलोमीटर चालवल्यानंतर मनगटांना जो फरक कळतो, तो मिलिमीटरांच्या गणितात दिसत नाही.

पडशी

विमानाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. अनेक विमान कंपन्या सोपवायच्या सामानासाठी लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटर आणि वजन २३ किलो अशी मर्यादा ठेवतात. वर दिलेल्या मापांची बेरीज केली तर १६ इंची घडी १५० भरते, म्हणजे अंगासरशी बसणाऱ्या पिशवीत ती मर्यादेत राहू शकते. २० इंची १८५ भरते, म्हणून ती मर्यादेत बसवायला चाके काढून, हँडल सोडवून बॅगेत रचावी लागते. ओरेगॉनमधली बाइक फ्रायडे ही कंपनी सूटकेसमध्ये रचता येणाऱ्या अशाच सायकलींसाठी ओळखली जाते. मी स्वतः २० इंची सायकल सहा वेळा अशी नेली आहे. सुटी करायला ४० मिनिटे आणि जोडायला तासभर लागतो. वर्षातून एकदाच जायचे असेल तर ते सहज सोसते.

बांधताना चाक धरणाऱ्या दोन फाट्यांच्या मध्ये लाकडाचा तुकडा किंवा जुना ॲक्सल अडकवावा, नाहीतर वरून पडलेल्या ओझ्याने ते आत दबतात. पेडल काढून वेगळी ठेवावीत. विजेची सायकल घेण्याचा विचार मनात असेल तर तो येथेच सोडावा: प्रवासी विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी चालते, १६० पर्यंत कंपनीच्या परवानगीने चालते, आणि विजेच्या सायकलींच्या बॅटऱ्या बहुधा २५० किंवा त्याहून अधिकच्या असतात.

रोजचीवाट

काल दोन्ही प्रकारच्या सायकली तासभर चालवल्या, घड्या घातल्या आणि जिनेही चढलो. २० इंची चालवताना अधिक आवडली, हे ‘चढउतार’ यांना प्रामाणिकपणे सांगतो. पण दुसऱ्या जिन्यावर तिचे हँडल कठड्यात अडकले आणि टेबलाखाली मावेल अशी तिची मापे नाहीत. त्यामुळे सहा गिअरांची १६ इंची ठरवली आहे, ४४ दात्यांच्या चेनव्हीलसह. प्रवासात रोजचे अंतर ४०वर आणेन आणि दोन जादा टायर आधीच घेऊन ठेवेन. एकच अडचण उरली: माझ्या उंचीला सीट पूर्ण वर काढूनही गुडघा जरा जास्तच वाकतो.

अवजारपेटी

त्यावर उपाय आहे. अशा बहुतेक सायकलींना अधिक लांब सीटपोस्ट मिळतो, तो खरेदीच्या वेळीच बदलून मागा. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे, ही उंची बरोबर असल्याची खूण. सीटपोस्टवर कोरलेली किमान खोलीची रेघ फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. सीटपोस्टला तेल किंवा ग्रीस लावू नका. नेहमीच्या सायकलीत ते लावतात, पण येथे तो रोज वर-खाली होतो आणि तेलकट झाला की बसल्यावर हळूहळू खाली सरकतो. कोरड्या फडक्याने आठवड्यातून एकदा पुसला की पुरे. लांब सीटपोस्टमुळे घडी किंचित उंच होऊ शकते, तेव्हा टेबलाखालची उंची पुन्हा एकदा मोजून मगच मागणी नोंदवा.