एटीव्ही चोक ओढल्याशिवाय चालत नाही : कार्ब्युरेटर बदलावा की साफ करावा?

प्रेषक : अ. दे., ब्रेनर्ड

सर्वांना सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांनी मिनेसोटात तळ्याकाठी घरे घेतली आहेत आणि त्यांपैकी काहींकडे एटीव्हीही (खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या, जाड टायरांच्या छोट्या गाड्या) आहेत, म्हणून ही चौकशी यादीवर करत आहे. माझ्याकडे २००४ सालची, एक सिलिंडरची, ३५० सीसी वर्गातली जपानी एटीव्ही आहे. हिवाळ्यात तिला पुढे फाळ लावून मी घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचे बर्फ बाजूला सारतो. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर ती शेडमध्ये उभी केली, तेव्हा टाकी साधारण निम्मी भरलेली होती. आता ऑक्टोबरमध्ये बाहेर काढली, तर चोक ओढल्यावर ती सुरू होते, पण चोक आत ढकलला की इंजिनाचा वेग आपोआप चढतो, उतरतो आणि इंजिन बंद पडते. थ्रॉटल (वेग वाढवण्याचा खटका) थोडा दाबून धरला तर गाडी अडखळत चालते. अर्ध्याच्या पुढे दाबला तर बऱ्यापैकी जोर येतो. थ्रॉटल एकदम सोडला की सायलेन्सरमधून फटफट असे बार ऐकू येतात.

जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गाडी न पाहताच कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, बदलावा लागेल असे सांगण्यात आले. इंटरनेटवर त्याच मापाचे नकली कार्ब्युरेटर फार स्वस्तात मिळतात, तेव्हा एखादा मागवून बसवावा का? बर्फ पडायच्या आत गाडी कामाला येणे मला आवश्यक आहे.

आपला,
अ. दे.


प्रेषक : श. गो., सेंट क्लाऊड

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

नवीन कार्ब्युरेटर मागवू नकोस, निदान इतक्यात नको. तू लक्षणे नेमकी लिहिली आहेस आणि त्यांतूनच दोष कुठे आहे याचा अंदाज येतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल जाण्याचे मार्ग एकाहून अधिक असतात. थ्रॉटल बंद असताना आणि साधारण पाव उघडेपर्यंत पेट्रोल मुख्यतः स्लो जेटमधून, म्हणजे पायलट जेटमधून येते (जेट म्हणजे बारीक छिद्राची छोटी नळी). त्यानंतर पाऊण थ्रॉटलपर्यंत नीडल, म्हणजे मेन जेटच्या वाटेतली निमुळती सुई, किती वर उचलली गेली आहे त्यावर पेट्रोलचे प्रमाण ठरते, आणि शेवटच्या टप्प्यात मेन जेट. तुझी गाडी खालच्या टप्प्यात अडखळते आणि वरच्या टप्प्यात चालते, म्हणजे मेन जेट आणि नीडल बहुधा ठीक आहेत. चोक ओढल्यावर मिश्रणात जादा पेट्रोल मिळते आणि तेवढ्यानेच इंजिन सुधारते, यावरून मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त आहे हे स्पष्ट होते. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये होणारे बार त्याच दुखण्याचे लक्षण आहे, कारण पातळ मिश्रण सिलिंडरमध्ये पूर्ण जळत नाही आणि उरलेले पुढे तापलेल्या एक्झॉस्टमध्ये पेटते.

स्लो जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठते त्या वाटीत, अगदी थोडे पेट्रोल असते. ते महिनोन्महिने पडून राहिले की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, लाखेसारखा थर राहतो. सर्वांत बारीक वाट आधी बुजणार हे ओघानेच आले.

तरीही कार्ब्युरेटर उतरवण्याआधी काही गोष्टी तपासून घे, कारण हवा जास्त शिरण्याची आणि पेट्रोल कमी येण्याची कारणे कार्ब्युरेटरच्या बाहेरही असू शकतात. वाटीच्या तळाशी ड्रेन स्क्रू असतो. त्याखाली पारदर्शक काचेची बरणी धर, टाकीचा पेट्रोलचा कॉक उघड आणि स्क्रू सैल कर. पेट्रोल सलग धारेने आले पाहिजे. धार हळूहळू मंदावत थांबली आणि टाकीचे झाकण सैल केल्यावर पुन्हा जोरात आली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे आणि कार्ब्युरेटरचा काही दोष नाही. बरणी थोडा वेळ स्थिर ठेवून तळाशी वेगळा थर दिसतो का तेही पाहा. इथल्या पंपावरच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये सुमारे १० टक्के इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल शोषून घेते. पाण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून अलग होतात आणि जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी बसतात. कॉक नेमका तिथूनच पेट्रोल घेतो. निम्मी रिकामी टाकी दमट उन्हाळाभर उभी होती, म्हणून ही शंका.

एअर फिल्टरचा डबा उघडून पाहायला विसरू नकोस. शेडमध्ये उभ्या केलेल्या गाडीत उंदीर घरटे करतात आणि त्याने मिश्रणाचा पार विचका होतो. प्लग काढून त्याचा रंग कळव. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी, आणि फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य. शेवटी, कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड बोटांनी वाकवून त्याला भेगा आहेत का ते बघ. काही जण चालू इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधतात. मला ती पद्धत पसंत नाही, कारण तापलेल्या सायलेन्सरपाशी भडका उडायला वेळ लागत नाही.

आणखी एक. चोक ओढून ठेवून गाडी कामाला जुंपू नकोस. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात.

श. गो.


प्रेषक : अ. दे., ब्रेनर्ड

काकांना सादर नमस्कार,

आपण सांगितल्याप्रमाणे सर्व तपासले. धार सलग आली आणि झाकण लावलेले असतानाही मंदावली नाही. बरणीच्या तळाशी मात्र पाण्यासारखा वेगळा थर स्पष्ट दिसला आणि वरच्या पेट्रोलला जुन्या रंगासारखा आंबट वास होता. प्लग पांढरट आहे. फिल्टर स्वच्छ आहे, रबरी जोड मऊ आहे आणि त्याला कुठेही भेग नाही. तेव्हा आता कार्ब्युरेटर उघडणे भाग आहे असे समजतो. गाडीवरचा मूळ कार्ब्युरेटर स्थिर निर्वात प्रकारचा, म्हणजे सीव्ही आहे. उघडताना काय जपावे, ते कृपया सविस्तर लिहावे.


प्रेषक : श. गो., सेंट क्लाऊड

चिरंजीवास आशीर्वाद,

आधी टाकी पूर्ण रिकामी कर, नाहीतर साफ केलेल्या कार्ब्युरेटरमध्ये तेच पाणी पुन्हा जाईल. हे काम उघड्यावर कर. बंद गराजमध्ये गॅसवर चालणारा पाण्याचा हीटर असू शकतो आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकत त्याच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. दर काही वर्षांनी अशा आगीची बातमी वाचतो आणि फार वाईट वाटते.

जपानी कार्ब्युरेटरवरचे स्क्रू दिसायला साध्या फुलीचे असले, तरी त्यांची खाच जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या, मापाची असते. साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने ते घसरतात आणि डोके खराब होते, म्हणून त्या मापाचाच ड्रायव्हर आण. वाटी काढल्यावर फ्लोट, त्याची पिन आणि वाटीत येणारे पेट्रोल रोखणारी छोटी सुई निघेल. सुईच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर ती बदल, कारण तिथून पेट्रोल झिरपून वाटी भरून वाहते आणि कधी कधी इंजिनाच्या तेलातही उतरते. जेट पितळेचे असतात, म्हणून त्यांना नेमक्या रुंदीचा सपाट ड्रायव्हर लाव.

आता मुख्य काम स्लो जेटचे. तो उजेडासमोर धरून पाहा, आरपार प्रकाशाचा गोल बिंदू दिसला पाहिजे. छिद्रात पोलादी तार किंवा टाचणी कदापि घालू नकोस. पितळ मऊ असते, छिद्र ओरखडून मोठे झाले की जेटचे माप कायमचे बदलते. कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवून ठेव, मग विजेच्या वायरमधली तांब्याची एखादी बारीक तार हलक्या हाताने फिरव आणि हवेचा झोत मार. जेट साफ झाला म्हणजे काम संपले असे मात्र समजू नकोस. जेट ज्या नळीत बसतो तिची पुढची वाट आणि बटरफ्लायजवळची, म्हणजे थ्रॉटलने उघडणाऱ्या झडपेजवळची, बारीक छिद्रेही मोकळी व्हायला हवीत. एका तोंडातून फवारा मारून दुसऱ्या तोंडातून तो बाहेर येतो का, हे प्रत्येक वाटेसाठी पाहा. अर्ध्यावर सोडलेली सफाई बहुतेक इथेच फसते आणि मग लोक कार्ब्युरेटरलाच दोष देतात.


प्रेषक : मी. जो., रोचेस्टर

काकांना आणि सर्वांना नमस्कार,

काकांच्या पत्राला दोन गोष्टी जोडते. सीव्ही कार्ब्युरेटरच्या वरच्या झाकणाखाली पातळ रबरी पडदा असतो. क्लीनर आणि हवेचा झोत या दोन्हींपासून तो दूर ठेवावा आणि स्लाइडसह (त्याला जोडलेल्या, वरखाली सरकणाऱ्या भागासह) आधीच काढून घ्यावा, कारण क्लीनरने रबर फुगते आणि पुन्हा नीट बसत नाही. उजेडासमोर ताणून त्याला छिद्र नाही याची खात्री करावी. पडदा फाटला तर स्लाइड वर उचलली जात नाही आणि गाडी जोर धरत नाही. अ. दे. यांच्या गाडीला जोर आहे, तेव्हा तो शाबूत असावा.

दुसरे, मिश्रणाच्या स्क्रूबद्दल. तो काढण्याआधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे लागले ते लिहून ठेवावे आणि परत तितक्याच फेऱ्यांवर बसवावा. त्यामागे स्प्रिंग, चकती आणि छोटी ओ-रिंग याच क्रमाने असतात. ओ-रिंग आतच चिकटून राहते आणि पुष्कळदा हरवते. हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा असतो आणि बाहेर फिरवल्यावर पेट्रोल वाढते. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, आणि परिणाम उलट.

काका, माझ्या वडिलांकडे नाशिकला जुनी कार्ब्युरेटरची स्कूटर आहे आणि तिकडे आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. तिलाही हेच लागू होईल का?

मी. जो.


प्रेषक : श. गो., सेंट क्लाऊड

होय, आणि अधिक काटेकोरपणे. स्कूटर बरेच दिवस उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवावी, आणि जुन्या रबरी नळ्या व ओ-रिंग इथेनॉलने कडक होतात किंवा फुगतात म्हणून त्या वर्षातून एकदा पाहाव्यात.


प्रेषक : अ. दे., ब्रेनर्ड

सर्वांना नमस्कार,

स्लो जेट पूर्ण बुजलेला होता, उजेडाचा ठिपकाही दिसत नव्हता. भिजवून आणि तार फिरवून तो मोकळा झाला. बटरफ्लायजवळच्या एका छिद्रातून प्रथम फवारा येईना, तेही नंतर उघडले. वाटीचे गॅस्केट नवीन घातले आणि मिश्रणाचा स्क्रू मूळ फेऱ्यांवर बसवला. इंजिन गरम झाल्यावर चोक पूर्ण आत असताना आयडलिंग (थ्रॉटल न दाबता इंजिन चालणे) स्थिर आहे आणि बार थांबले आहेत. थ्रॉटल एकदम दाबला तर क्षणभर दम घेते, एवढेच उरले आहे.


प्रेषक : श. गो., सेंट क्लाऊड

उत्तम काम केलेस. इंजिन पूर्ण गरम असताना, मिश्रणाचा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असल्याची खात्री करून, तो पाव फेरा बाहेर काढ आणि पाहा. आयडलिंगचा वेग वाढला तर आयडलच्या स्क्रूने तो कमी कर. एकूण फेरे साधारण दीड ते अडीचच्या दरम्यान राहिले पाहिजेत. तीनच्या पुढे जावे लागले, तर कुठलीतरी वाट अजून बुजलेली आहे असे धरून कार्ब्युरेटर पुन्हा उतरवावा लागेल.

यापुढे एटीव्हीसाठी इथेनॉल नसलेले पेट्रोल घेत जा. मिनेसोटात ते रस्त्याबाहेरच्या वाहनांसाठी, बोटींसाठी आणि छोट्या इंजिनांसाठी विकायला परवानगी आहे आणि अनेक पंपांवर त्याचा वेगळा नळ असतो. एप्रिलमध्ये गाडी ठेवताना टाकी जवळपास भरून त्यात पेट्रोल टिकवणारे स्टॅबिलायझर घाल, ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचावे म्हणून उघड्यावर दहा मिनिटे इंजिन चालव, मग कॉक बंद करून वाटी ड्रेन कर. काढलेले जुने पेट्रोल जमिनीवर किंवा गटारात ओतू नकोस. काउंटीच्या घातक कचरा संकलन केंद्रावर ते स्वीकारतात, तिथे झाकणबंद डब्यातून ने.

श. गो.